ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे टाका, पेपर काढा?

संशोधकांसाठी विद्यापीठाने ओपन ॲक्सेसचा निधी ठेवावा, असा विषय स्टाफरूममध्ये निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे टाका, पेपर काढा. त्याला विद्यापीठाने पैसे कशाला द्यायचे?’ नवखा सहायक प्राध्यापक हे बोलतो, पीएचडीचे मार्गदर्शकही बोलतात. याच समजापायी चांगले संशोधक चांगल्या जर्नलकडे पाठ फिरवतात, म्हणून तो खोडून काढायलाच हवा.

ओपन ॲक्सेसची अट वाचकाच्या बाजूची आहे. पेपर कोणालाही, कुठूनही, वर्गणी न भरता वाचता आला पाहिजे. २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने हेच मागितलं. समीक्षण सोडून द्या, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. संपादन, समीक्षणाची व्यवस्था, सर्व्हर यांचा खर्च कोणी उचलायचा हा वेगळा प्रश्न आहे. लेखकाकडून फी घेणं हे त्याचं केवळ एक उत्तर. शंका असेल त्यांनी डीओएजे ही ओपन ॲक्सेस जर्नलची सूची उघडून पाहावी. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाने ती २००३मध्ये सुरू केली. आज तीत पारखून घेतलेली २० हजारांहून अधिक जर्नल आहेत आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत. पेपरांची संख्या मोजली तर फी घेणाऱ्या जर्नलचं पारडं जड ठरतं, हेही खरं. पण ‘ओपन म्हणजे पेड’ हे समीकरण तेवढ्याने सिद्ध होत नाही.

मग फी न घेणाऱ्यांचा खर्च भागतो कसा? सी. व्ही. रामन यांनी १९३४मध्ये बंगळुरूत स्थापन केलेल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची ‘प्रमाण’, ‘रेझोनन्स’ ही जर्नल संस्थेच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं फुकट वाचता येतात. खर्चाचा भार संस्था वाहते. ब्राझीलचं सायेलो हे खुल्या जर्नलचं व्यासपीठ १९९८पासून साओ पावलो राज्याच्या संशोधन निधीच्या आधाराने उभं राहिलं. लंडनच्या बर्कबेकमधल्या ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीजला जगभरची विद्यापीठ ग्रंथालयं थोडा थोडा वाटा देतात. २०१५मध्ये ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या जर्नलच्या संपादक मंडळाने एल्सेव्हियर या प्रकाशकाला रामराम ठोकून ‘ग्लॉसा’ काढलं, ते याच आधारावर. जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २०१४पासून चाललेल्या स्कोप-थ्री योजनेत तर ग्रंथालयांनी वर्गणीचेच पैसे एकत्र करून मूलकणभौतिकीतली प्रमुख जर्नल खुली करून घेतली. विद्यापीठाचा पैसा ओपन ॲक्सेसला लागतो तो असाही, आणि यात लेखकाला खिशात हात घालावा लागत नाही.

महाराष्ट्रात हा समज इतका घट्ट बसण्यामागे मात्र खरंखुरं दुखणं आहे. बढतीसाठी पेपरांची संख्या मोजली जाऊ लागली आणि काही हजार रुपयांत, काही दिवसांत पेपर छापून देणारी जर्नल उगवली. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतही ती घुसली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने या यादीची छाननी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले: विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ जर्नल तपासली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर नापास! त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल यादीतून काढली. छाननीत जर्नल नापास का झाली, हे नीट वाचायला हवं. पत्ता, संपादकांची नावं, इम्पॅक्ट फॅक्टर यांबद्दलची माहिती चुकीची किंवा खोटी होती. पेपर सगळ्यांना फुकट वाचता येतात, हा काही त्यांचा गुन्हा नव्हता.

फी घेणं म्हणजे लबाडी, हेही खरं नाही. ‘पीएलओएस बायॉलॉजी’ने २००३मध्ये पहिल्या अंकापासून फी घेतली आणि समीक्षण कडकच ठेवलं, लेखकाने फी भरली की माफ करून घेतली, हे तिथल्या संपादकांना कळूही दिलं जात नाही. शिवाय वर्गणीवर चालणारी अमेरिकेतली कित्येक प्रतिष्ठित जर्नल विसाव्या शतकात लेखकाच्या संस्थेकडून पानामागे पैसे घेत होती. तेव्हा त्यांना कोणी विकाऊ म्हटलं नाही.

विद्यापीठांनी हात सैल सोडावा, असा याचा अर्थ नाही. ‘नेचर’ने २०२१पासून एका पेपरमागे ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांच्या पुढे. एवढी फी कोणत्याही तर्काने पटत नाही. म्हणूनच निधीला नियम लागतात. २००९मध्ये हार्वर्ड, एमआयटी, कॉर्नेल, डार्टमथ आणि बर्कली यांनी एकत्र येऊन लेखकांच्या फीसाठी निधी ठेवायचं ठरवलं. ग्रंथालयाकडून वर्गणी घेऊन वर एकेका पेपरसाठी लेखकाकडूनही फी वसूल करणाऱ्या ‘हायब्रिड’ जर्नलना अशा निधीतून पैसे द्यायचे नाहीत, ही हार्वर्डची अट होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९मध्ये एल्सेव्हियरशी बोलणी तोडली, दोन वर्षं वर्गणीविना काढली आणि २०२१मध्ये नवा करार केला: फीतले पहिले १,००० डॉलर ग्रंथालय भरणार, उरलेली रक्कम प्रकल्पाचं अनुदान असलेला संशोधक भरणार, अनुदान नसेल तर तीही ग्रंथालयच भरणार.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘पेपर खुला केला की हक्क गेले’: चूक, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहू शकतो, उलट जुन्या पद्धतीत तो बहुधा प्रकाशकाला लिहून द्यावा लागतो. ‘फी परवडत नाही, म्हणजे पेपर कुलपातच राहणार’: चूक, बहुतेक प्रकाशक स्वीकृत मसुदा संस्थेच्या भांडारात ठेवू देतात, काही काळ थांबण्याची अट मात्र असू शकते. भौतिकशास्त्रज्ञ तर १९९१पासून ‘अर्काइव्ह’ या खुल्या भांडारात पेपर टाकत आले आहेत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, आता सगळं ओपन’: हेही चूक. २०२५ ते २०२७साठी ६,००० कोटी रुपयांची केंद्र सरकारची ही योजना वर्गणीचीच आहे. सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थी-शिक्षकांना तिचा मोठा लाभ आहे, पण खासगी महाविद्यालयातली प्राध्यापिका किंवा तालुक्याचा डॉक्टर अजून दाराबाहेरच आहे.

याच योजनेत निवडक ओपन ॲक्सेस जर्नलच्या फीसाठी वर्षाला १५० कोटींची तरतूद जाहीर झाली आहे. आपल्या संस्थेला त्यातलं काय मिळू शकतं आणि निवडलेलं जर्नल डीओएजेत आहे का, हे दोन प्रश्न संशोधकाने पेपर पाठवण्याआधीच ग्रंथपालांना विचारावेत. पेपर स्वीकारला गेल्यावर हातात फीचं बिल पडतं आणि तोवर जर्नल बदलण्याची वेळ टळून गेलेली असते.