गाडीची पुढची नंबर प्लेट

नवी मोटार दारात आली की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तिला ओवाळतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखतात आणि पुढच्या जाळीला झेंडूचा भरघोस हार बांधला जातो. हार ओघळून नेमका जिथे विसावतो, तिथे गाडीची पुढची नंबर प्लेट असते. फुले सुकून गळेपर्यंत चार-पाच दिवस जातात आणि तेवढे दिवस ती गाडी पुढून निनावी होऊन रस्त्यावर फिरते. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. मात्र पुढची नंबर प्लेट ही गाडीची शोभा आहे, असे मानण्याची आपल्याकडील सवय त्या हारात नकळत उमटलेली असते. वास्तविक गाडीच्या ज्या मोजक्या भागांचा मालकाला स्वतःला काडीचाही उपयोग नाही, त्यांतील हा एक आहे. ती पाटी सर्वस्वी परक्या माणसासाठी लावलेली असते.

तो परका माणूस कोण, हे अपघाताच्या वेळी कळते. पहाटे रस्त्याने चालत जाणाऱ्या एखाद्या वृद्धाला समोरून येणाऱ्या गाडीने उडवले आणि गाडी न थांबता निघून गेली, अशा बातम्या रोजच्या वर्तमानपत्रात असतात. पाहणारा कोणी असलाच तर त्याच्या हाती दोन क्षण असतात. गाडी त्याच्या दिशेने येत असेल तर त्याला दिसते ती पुढची पाटी. तिच्यावरचा क्रमांक वाचता आला की नाही, यावर पुढे त्या कुटुंबाचे बरेच काही ठरते. गाडी ओळखली गेली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मृताचे वय, त्याची मिळकत, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा विचार करून न्यायाधिकरण भरपाई ठरवते आणि गाडीचा तृतीय पक्ष विमा असेल तर ती विमा कंपनीला द्यावी लागते. गाडी ओळखता आली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. घरातील कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाला न्यायाधिकरणाकडून मिळू शकणारी रक्कम आणि हे दोन लाख यांच्यातील अंतर कित्येकदा मुलांच्या शिक्षणाएवढे असते. ते अंतर एका वाचता येणाऱ्या पाटीने भरून निघू शकते.

या दृष्टीने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पन्नासावा आणि एक्कावन्नावा नियम वाचला की त्यातील बारकावे कारकुनी वाटत नाहीत. क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवा. अक्षरे इंग्रजी आणि अंक नियमाच्या भाषेत ‘अरबी’ हवेत. (आपल्या राज्यघटनेने याच अंकांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे, तेव्हा या शब्दाबद्दल मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.) मोटारीच्या पाटीवरील प्रत्येक अक्षराची उंची पासष्ट मिलिमीटर, रेषेची जाडी दहा आणि दोन अक्षरांमधील मोकळी जागा दहा मिलिमीटर. मालिकेच्या अक्षरांत ‘आय’ आणि ‘ओ’ ही इंग्रजी अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी मिसळतात. या सर्वांमागे विचार एकच आहे. घाबरलेल्या, घाईत असलेल्या, कदाचित फारसे न शिकलेल्या माणसालाही तो क्रमांक एका दृष्टिक्षेपात वाचता यावा.

आता आपल्या रस्त्यांवर काय दिसते ते पाहावे. ८०५५ हा क्रमांक इंग्रजी अंकांत जरा वळण देऊन रंगवला की त्याचा ‘बॉस’ होतो. ४१४१ चे कुठे ‘दादा’ होते, कुठे ‘पापा’. असे क्रमांक मिळावेत म्हणून परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरणारे आहेत आणि पहिल्या क्रमांकासाठी लाखो रुपये मोजणारेही आहेत. क्रमांक विकत घेण्यात गैर काही नाही, ती कायदेशीर सोय आहे. गैर आहे ते त्याचे चित्र करण्यात. हौसेने मराठी अंकांत लिहिलेल्या पाट्याही पुष्कळ दिसत. मराठीवरचे प्रेम दाखवायला दुकानाची पाटी आहे, लग्नपत्रिका आहे, मुलांची शाळा आहे. राज्याबाहेर अपघात झाल्यास कर्नाटकातल्या किंवा तमिळनाडूतल्या साक्षीदाराने ‘५’ आणि ‘८’ कसे वाचावेत? पदनाम, पक्षाचे चिन्ह, गावाचे नाव, कुलदैवताचे चित्र यांनाही त्या पाटीवर जागा नाही. ‘जय जिनेंद्र’ ही अक्षरेसुद्धा त्याला अपवाद नाहीत. भाव कितीही निर्मळ असला तरी ती मागच्या काचेच्या कोपऱ्यात शोभतात, क्रमांकाच्या डोक्यावर नाही. नियमभंगाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमानुसार पहिल्या वेळी पाचशे आणि पुढच्या प्रत्येक वेळी दीड हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘बॉस’ म्हणवून घेण्याची ही किंमत अनेकांना स्वस्त वाटत असावी.

उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे ज्याला सगळे ‘एचएसआरपी’ म्हणतात ती नंबर प्लेट, या हौसेला बरीच वेसण घालते. नियमांत तिची तरतूद २००१ सालीच झाली होती. राज्यांनी मात्र दीर्घकाळ चालढकल केली. प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कारखान्याकडूनच ही पाटी देण्याचे बंधन आले. त्यापूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा प्रश्न तसाच राहिला. महाराष्ट्रात त्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत ठरली आणि ती पुढे एप्रिलअखेर, जूनअखेर, १५ ऑगस्ट अशी सरकत गेली. मुदत वाढते हे ठाऊक असल्यामुळे लोक थांबतात आणि लोक थांबतात म्हणून मुदत वाढवावी लागते, हे आपल्याकडे प्राप्तिकराच्या विवरणपत्रापासून सर्वत्र चालत आलेले आहे.

ही पाटी एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते. डाव्या वरच्या बाजूस अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाची इंग्रजी आद्याक्षरे आणि लेझरने कोरलेला एक स्वतंत्र क्रमांक असतो. हा कोरलेला क्रमांक महत्त्वाचा, कारण तो गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. अक्षरे उठावदार असतात आणि प्रकाश पडला की पाटी उजळते, त्यामुळे रात्रीही ती वाचता येते. ती साध्या स्क्रूऐवजी स्नॅप लॉकने बसवतात. ते एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाही. चारचाकीच्या पुढच्या काचेवर आतून लावायचा तिसरा स्टिकरही त्याबरोबर मिळतो. पेट्रोल आणि सीएनजी गाडीसाठी तो फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न पडणाऱ्यांनी ई-चलनाचा विचार करावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे गाडीचा क्रमांक वाचून वेगमर्यादेचे उल्लंघन टिपतात. क्रमांक कॅमेरा वाचतो, दंड नोंदीतल्या मालकाला होतो. रंगवलेली साधी पाटी कोणीही कोणत्याही क्रमांकाची करून घेऊ शकत होता आणि तीच खरी अडचण होती. सांगलीतल्या गाडीने कधीही न पाहिलेल्या रस्त्यावरचा दंड तिच्या मालकाच्या मोबाईलवर येतो तेव्हा कोणीतरी तोच क्रमांक लावून हिंडत असण्याची शक्यता असते. अशा वेळी दंड मुकाट्याने भरून मोकळे होऊ नये. चलनासोबत छायाचित्र असते. गाडीचा रंग, बनावट, पाटीची ठेवण आपल्या गाडीशी ताडून पाहावी आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार नोंदवावी. दंडाची रक्कम क्षुल्लक असेल, परंतु त्याच क्रमांकाने उद्या एखादा गुन्हा घडला तर केलेली तक्रार उपयोगी पडते.

नवी पाटी घेण्याची रीत तशी सोपी आहे. राज्याच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या कार्यालयासाठी नेमलेल्या पुरवठादाराकडे नोंदणी करायची. कोल्हापूरच्या गाडीला ०९, सांगलीच्या गाडीला १० अशी निवड. चासी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे द्यायचे, पैसे भरायचे आणि मिळालेल्या दिवशी केंद्रावर गाडी न्यायची. जुन्या गाड्यांसाठी राज्याने जाहीर केलेले दर दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर वस्तू व सेवा कर. याच नावाची बनावट संकेतस्थळेही निघाली आहेत, म्हणून शोधयंत्रावर प्रथम दिसणारा दुवा न उघडता परिवहन विभागाच्या पानावरूनच पुढे जावे.

सोपी रीत अडते ती घरातल्या जुन्या कागदांपाशी. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन सहा वर्षे झाली, नोंदीतला मोबाईल क्रमांक केव्हाच बंद पडला, अशी घरे कमी नाहीत. त्या आठवणीपोटी नाव बदलायचे राहून जाते, हे समजण्यासारखे आहे. कायदा मात्र वेगळे सांगतो. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे. तसे कळवल्यास तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत नाव बदलण्यासाठी ‘नमुना ३१’ मध्ये अर्ज करावा लागतो. नाव न बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न मालकीबद्दल असतो. नंबर प्लेटच्या निमित्ताने कपाटातले नोंदणी पुस्तक बाहेर निघाले आणि ही चूक वेळीच लक्षात आली, एवढा तरी लाभ अनेक कुटुंबांना व्हावा.

पुढची पाटी सर्वत्र सक्तीची आहे असे नाही. गाड्यांना पाटी लावण्याची पद्धत पॅरिसमध्ये १८९३ साली सुरू झाली. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने ती देशभर लागू केली. रस्ते वाहतुकीसंबंधीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही मोटारीच्या पुढे आणि मागे क्रमांक असावा असे म्हटले आहे. अमेरिकेत मात्र हा राज्याराज्याचा प्रश्न आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय येथे दोन पाट्या लागतात. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, जॉर्जिया येथे मागची एकच. ओहायोने २०२० साली पुढची पाटी रद्द केली. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या गाडीचे छायाचित्र पाहून इथल्या आईवडिलांना ‘नंबर कुठे आहे?’ असा प्रश्न पडतो तो यामुळे. मिशिगनहून शिकागोला नोकरी बदलणाऱ्या मुलाला बंपरला भोके पाडून पुढच्या पाटीची चौकट बसवण्याचीही वेळ येते. पाटी नको म्हणणारे खर्च आणि गाडीचे रूप पुढे करतात. पाटी हवी म्हणणाऱ्यांत पोलीस आघाडीवर असतात. समोरून पाहिलेल्या गाडीबद्दल साक्षीदाराला काहीच सांगता येत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

दुचाकीच्या बाबतीत मात्र दुसरी बाजू विचारात घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या पुढच्या मडगार्डवर पूर्वी धारदार कडेची पत्र्याची पाटी उभी असे. टक्कर झाल्यास ती पादचाऱ्याला चिरत असे, म्हणून १९७५ मध्ये तिची सक्ती काढून टाकण्यात आली. आपल्या नियमात दुचाकीलाही पुढची पाटी आहे. उच्च सुरक्षा पाटीच्या कडा व कोपरे गोल ठेवले आहेत, हे बरे. जुन्या स्कूटरवर वेडीवाकडी कापलेली पत्र्याची पाटी अजून असेल तर ती पोराबाळांच्या पायालाही लागते.

राहता राहिली देखभाल. मागच्या पाटीपेक्षा पुढची अधिक सोसते. गतिरोधकावर घासणे, पार्किंगमध्ये भिंतीला टेकणे, पावसाळ्यात समोरच्या ट्रकने उडवलेला चिखल हे सारे तिच्याच वाट्याला येते. जून ते सप्टेंबर या काळात गाडी काढताना तिच्यावरून एक ओले फडके फिरवायला अर्धा मिनिट पुरतो. बंपरपुढे बसवलेले लोखंडी गार्ड पाटी झाकतात आणि अपघातात समोरच्यालाही अधिक इजा करतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून त्यांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले आहे. पाटी वाकली किंवा अक्षरे उडाली तर फक्त तीच बदलून मिळते. ती हरवली किंवा चोरीस गेली तर आधी पोलिसांत नोंद करावी. हार घालायचाच असेल तर तो बॉनेटवर आडवा ठेवावा, बंपरवरून खाली सोडू नये. आणि नवी पाटी लागल्यावर जुनी भंगारवाल्याला अखंड देऊ नये. पत्रे कापायच्या कात्रीने तिचे क्रमांकाच्या मधोमध दोन तुकडे करूनच ती द्यावी.