तार दातावर, काम हाडात

सातवी ते दहावीच्या वर्गांत हल्ली एखाद्या-दुसऱ्या मुलाच्या दातांवर धातूची तार दिसतेच. बोलताना आपण तिला ‘क्लिप’ म्हणतो. वाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात जागेवर आणण्याचे हे उपचार ज्या शाखेत होतात, तिला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. तार लावलेले मूल डॉक्टरांसमोर महिन्या-दीड महिन्यातून दहा-पंधरा मिनिटे बसते; शिक्षकांसमोर मात्र रोज पाच-सहा तास. तारेचे टोक गालात टोचू लागले, मधल्या सुट्टीत डबा खाताना काही निखळले, किंवा कबड्डीत ओठ फाटला, तर पहिली हाक शिक्षकांनाच येते.

मिरज परिसरात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये येथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून हे गाव वैद्यकीय उपचारांसाठी ओळखले जाते. जत, कवठेमहांकाळ आणि सीमेपलीकडच्या अथणी, रायबागपासून लोक मिरज-सांगलीला येतात. दातांच्या उपचारांसाठीही येतात. अशा घरातल्या मुलाची तार गुरुवारी संध्याकाळी निघाली, तर शुक्रवारी एस.टी.ने डॉक्टर गाठायचे म्हणजे मुलाची शाळा बुडते आणि बरोबर येणाऱ्या पालकाचा रोजगारही. मग ‘पुढच्या वेळी बघू’ असे होते आणि कधी कधी ती पुढची वेळ येतच नाही. म्हणून कोणती अडचण थांबू शकते आणि कोणती थांबू शकत नाही, हे सर्वांनाच माहीत हवे. ते नीट समजण्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल.

हाडात पक्का बसलेला दात सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमीच. या तंतूंनी दात हाडाला जणू टांगलेला असतो. थरात रक्तवाहिन्या असतात, चेता असतात आणि पेशीही असतात.

तारेने दाताला एका बाजूला हळूच रेटले, की त्या बाजूचा थर दबतो आणि विरुद्ध बाजूचा ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात व कामाला लागतात. ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी नवे हाड घालतात. पुढची भिंत थोडी पाडायची, मागची थोडी बांधायची, आणि खोली जराशी पुढे न्यायची, असा हा प्रकार आहे. म्हणजे तार दाताला ओढून नेत नाही. तार फक्त इशारा देते. काम शरीर करते आणि आपल्या गतीने करते. ही गती महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. म्हणूनच उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात.

मग तार जास्त आवळली तर काम लवकर होईल का? मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि पालकही विचारतात. मिरजेच्या वाचकांना एक ओळखीचे उदाहरण घेऊ. येथील सतार आणि तंबोरा प्रसिद्ध आहेत. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार त्याच क्षणी चढते, जास्त पिळली की जास्त चढते. तारेवरचा ताण कित्येक किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि लाकूड तो सोसते. दाताचे तसे नाही. समोरचा एखादा दात कलवायला सुमारे 50 ग्रॅम वजनाइतका जोर पुरतो, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याइतका.

त्याहून खूप जास्त जोर लावला तर काय होते, हे स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी 1904 च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले. दबलेल्या भागात पेशीच उरल्या नाहीत. तो भाग काचेसारखा दिसू लागला. पुढे 1932 मध्ये श्वार्त्झ यांनी याचे कारण मांडले. केशवाहिन्यांतला रक्ताचा दाब अगदी थोडा असतो, दर चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅम वजनाइतका. बाहेरून त्यापेक्षा जास्त दाब आला की रक्त थांबते. रक्त थांबले की पेशी मरतात आणि पेशी नसतील तर हाड विरघळवणार कोण? दात अडून बसतो, दुखणे वाढते, मुळाचे टोक झिजण्याचा धोकाही वाढतो. याचाच अर्थ, जोर थोडा हवा पण सतत हवा. पुढचे सर्व नियम या एका वाक्यातून निघतात.

तोंडात नेमके काय बसवलेले असते?

प्रत्येक दातावर एक छोटा ठोकळा चिकटवतात, त्याला ब्रॅकेट म्हणतात. ठोकळ्यांच्या खाचांतून तार जाते. तार खाचेत राहावी म्हणून रबराची बारीक कडी किंवा अगदी पातळ तार वापरतात. सुरुवातीची तार बहुधा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि 1970 च्या दशकात दातांच्या उपचारात आला. ही तार कितीही वाकवली तरी मूळच्या आकाराकडे परतू पाहते आणि परतताना हळू, सारखा जोर देत राहते. नेमके हेच आपल्याला हवे असते.

काही मुलांना वरच्या-खालच्या दातांमध्ये अडकवायला रबराच्या कड्या देतात. त्या रोज बदलायच्या असतात, कारण ताणलेले रबर सैल पडत जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येईल. एक रबरबँड ताणकाट्याला अडकवून ठरावीक लांबीपर्यंत ताणा आणि जोर किती ते लिहून ठेवा. मग तो तेवढाच ताणलेला ठेवून एक दिवस कोमट पाण्यात बुडवा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरलेला दिसेल. ‘आज कडी नाही बदलली तर काय बिघडते?’ याचे उत्तर विद्यार्थी स्वतःच देतील.

थांबू शकणाऱ्या अडचणी

दुखणे: तार लावल्यावर किंवा बदलल्यावर काही तासांत दात ठणकू लागतात. दुसऱ्या दिवशी दुखणे सर्वात जास्त असते आणि आठवड्याभरात ओसरते. या दिवसांत मऊ भात, वरण, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, सांगितलेल्या मात्रेतच. दात किंचित हलतात, त्याचेही भय नको. तंतूंचा थर कामाला लागल्याची ती खूण आहे.

गाल-ओठ सोलणे: ठोकळे घासून तोंड येते. डॉक्टर यासाठी खास मेण देतात. ठोकळा कापसाने कोरडा करून वाटाण्याएवढ्या मेणाची गोळी त्यावर दाबावी. मेणबत्तीचे मेण वापरू नये. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास आराम पडतो.

टोचणारे तारेचे टोक: पेन्सिलीच्या मागचे स्वच्छ खोडरबर किंवा ओला कापूस घेऊन टोक हलकेच दाताकडे वाकवावे आणि मेण लावावे. पक्कड किंवा नेलकटर घेऊन तार कापायला बसू नये. तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

ठोकळा सुटणे: बहुधा तो तारेवर फिरत राहतो. टोचत नसेल तर काढू नये; मेण लावून जागेवर ठेवावा. पूर्ण निघाला तर कागदात गुंडाळून जपावा. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी फोन करून कळवावे. पुढची तारीख जवळ असेल तर ते थांबायला सांगतील, दूर असेल तर आधी बोलावतील. सुटलेल्या ठोकळ्याचा दात मागे पडतो, बाकीचे पुढे जातात. म्हणून न कळवता महिना काढणे महागात पडते.

थांबू न शकणाऱ्या अडचणी

ठोकळा किंवा तुकडा गिळला गेला तर तो सहसा शौचावाटे निघून जातो. पण गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल किंवा दम लागत असेल, तर तुकडा श्वासनलिकेत गेल्याची शक्यता असते. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. चेहऱ्यावर किंवा हिरडीवर सूज, सोबत ताप, न थांबणारे रक्त, खेळताना तोंडावर बसलेला जोराचा मार, यांतही थांबू नये. कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला न धरता उचलावा, दुधात ठेवावा आणि शक्यतो तासाभरात दंतवैद्य गाठावा. कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी तोंडात घालायच्या संरक्षक कवचाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे.

खाणे आणि घासणे

ऊस दातांनी सोलून खाणे उपचार संपेपर्यंत बंद. आपल्या भागातल्या मुलांना हे जड जाते, पण एका पेरात दोन-तीन ठोकळे निघू शकतात. भडंगातले शेंगदाणे, चिक्की, फुटाणे, बर्फाचे खडे हेही नको. पेरू, गाजर, सफरचंद बारीक फोडी करून मागच्या दातांनी खावे. कणसाचे दाणे सोलून घ्यावेत. तासगावचे बेदाणे आणि टॉफी ठोकळ्यांभोवती चिकटून बसतात, तेव्हा खाल्ल्यावर लगेच दात घासावेत.

घासण्याचे महत्त्व तारेइतकेच आहे. अडकलेल्या अन्नावर जिवाणू वाढतात, आम्ल तयार करतात आणि दातावरच्या कठीण आवरणातले खनिज विरघळते. ठोकळ्याभोवती खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. दुर्लक्ष झाले तर ते एका महिन्यातही दिसू शकतात आणि पुष्कळदा कायमचे राहतात. दात सरळ झाले पण प्रत्येकावर चौकोनी डाग उरला, असे होऊ नये. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन ठोकळ्याच्या वर, खाली आणि तारेच्या मागे घासावे. फटींसाठी बारीक ब्रश मिळतो. मिशरी आणि राखुंडी वर्ज्य. शाळेत मधल्या सुट्टीनंतर खळखळून चूळ भरायला दोन मिनिटे दिली तरी मोठे काम होते.

तार निघाली म्हणजे संपले का?

नाही. नव्या जागी हाड पक्के व्हायला वेळ लागतो. हिरडीतले तंतू तर ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागी खेचत असतात. त्यांची फेररचना व्हायला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. तोपर्यंत दात धरून ठेवण्यासाठी रिटेनर देतात. तो दप्तरात, डब्याच्या कागदात हरवण्याचे प्रमाण मोठे. डबी न विसरता द्यावी आणि हरवला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे.

याहून वाईट म्हणजे उपचार मध्येच सोडणे. पैसे संपले, दहावी आली, बदली झाली, मुलांनी चिडवले, अशी कारणे असतात. पण तपासणी न करता तोंडात राहिलेली तार थांबत नाही. ती दात सरकवत राहते, कुठे ते पाहायला कोणी नसते. खाली दात किडत असतात. सोडायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून तार काढून घ्यावी. गाव बदलत असेल तर कागदपत्रे आणि क्ष-किरण चित्रे मागून घ्यावीत, म्हणजे नवे डॉक्टर पुढे चालवू शकतात. खर्चाची अडचण असेल तर दंतमहाविद्यालयात चौकशी करावी. तेथे या विषयाचे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च बहुधा कमी येतो.

एक घरगुती प्रयोग मात्र कोणीही करू नये. समोरच्या दोन दातांतली फट बुजवायला काही मुले साधे रबर दातांभोवती अडकवतात. फट मिटतेही. पण दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असते. रबर घसरत हिरडीत शिरते, दिसेनासे होते आणि दाताला धरून ठेवणारे तेच तंतू तोडत मुळाच्या टोकाकडे जाते. चांगले दात हलू लागतात आणि कधी कायमचे गमवावे लागतात. फट बुजते आहे म्हणून मूल खूश असते आणि हिरडीखाली काय चालले आहे हे कोणालाच दिसत नाही. वर्गात असे रबर लावलेले मूल दिसले, तर त्याच दिवशी पालकांना बोलावून दंतवैद्याकडे पाठवावे.