नाशिकचे नाक आणि विम्याचा कागद

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या घरी माळा खाली उतरतो. जुन्या ट्रंका, पितळी पिंपे, माझ्या एम. ए.च्या टिपणांचे गठ्ठे अशी सारी अडगळ दिवाणखान्यात येऊन बसते आणि सकाळी सहापासून आमच्या सौभाग्यवतींच्या शिंका सुरू होतात. एक, दोन, पाच, अकरा! शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "काय हो, आवराआवर काढलीत वाटतं?" आमच्या सोसायटीत दिवाळीची पहिली वर्दी आकाशकंदील देत नाही, हिचे नाक देते.

नाशिककरांच्या घरात नाकाचा विषय निघाला की शूर्पणखा आठवायचीच. पंचवटीत लक्ष्मणाने तिची नासिका छेदली, म्हणून हे गाव नासिक, ही कथा इथले प्रत्येक पोर ऐकत आले आहे. नाक कापले की अब्रू जाते, हे त्या कथेने शिकविले. नाक चोंदले की पैसाही जातो, हे मात्र मला विम्याच्या कागदाने शिकविले. हकीकत आमच्या घरचीच आहे. पण वाचकहो, ती आपल्याही घरची होऊ शकते, म्हणून सांगतो.

'सर्दी काय लिहायची, सर!'

२०१९ साली मी कुटुंबाचा आरोग्यविमा उतरविला. विम्याचे काम करणारा माझाच एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा झाला, फॉर्म निघाला.

"काकूंना काही आजार?"

"आजार असा नाही. सर्दी असते बारा महिने."

"सर्दी काय लिहायची, सर! सर्दी कुणाला नसते? 'नाही' लिहितो."

मी हसलो आणि सही केली.

२०२२च्या जानेवारीत हिचे डोके असे दुखू लागले की वाकून देवापुढे दिवा लावणेही नकोसे झाले. वास येईनासा झाला. भाजी करपली तरी कळेना. सीटी स्कॅन झाला. नाकात मांसल वाढ, पोकळ्या भरलेल्या. शस्त्रक्रिया झाली आणि ८५,००० रुपयांचे बिल आले. मी निश्चिंत होतो, कारण सायनसच्या विकारासाठी असलेली दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती.

महिन्याने पत्र आले: दावा नामंजूर. इस्पितळाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी हिच्याच तोंडून ऐकून लिहिले होते, 'बारा वर्षांपासून त्रास'. आणि फॉर्मवर माझ्या सहीवर लिहिलेले होते, 'नाही'. दोन्ही कागद खरे धरता येत नव्हते. आयुष्यभर मुलांना शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो असे शिकविणारा मी. आपल्या घरात 'सर्दी' हा आजार नसतो, विम्याच्या दप्तरी तो असतो, एवढा संदर्भ मला कळला नाही. विद्यार्थ्याला दोष देऊन काय उपयोग? सही माझी होती.

वावड्याचे शास्त्र

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी १९०६ मध्ये घडविला. आपल्याकडे 'वावडे' हा नेमका शब्द आधीपासून आहे. शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते आणि उगाच युद्ध पुकारते, ते वावडे. ती वस्तू म्हणजे गादी-उशांतील धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव असतील, पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी असेल किंवा परागकण असतील. पुण्यात १९५५च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आता महाराष्ट्रात कोणत्याही मोकळ्या प्लॉटवर दिसते. त्याचे परागही अनेकांच्या नाकाला झोंबतात.

आता सायनस म्हणजे काय ते पाहू. चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत: कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि त्यामागे खोल. गालातील पोकळी सर्वांत मोठी. पण तिचे तोंड तळाशी नाही, वरच्या अंगाला आहे. न्हाणीघराची मोरी भिंतीत उंचावर काढावी तसा हा प्रकार! आतील अस्तरावरचे सूक्ष्म केस ओलावा वर ढकलीत नेतात, म्हणून निचरा होतो. वावड्याने अस्तर सुजले की ते तोंड बुजते, आत साचते, कुजते आणि डोके ठणकू लागते.

याचा पहिला उपाय शस्त्रक्रिया नव्हे. धूळ टाळणे, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे, डॉक्टरांनी दिलेला नाकाचा फवारा नेमाने मारणे, त्वचेवर चाचणी करून वावडे कशाचे ते शोधणे, ही खरी वाट. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये मांडलेली, थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावण्याची लसही आज मिळते. ती तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते. आणि चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक वापरू नयेत; त्यांनीच नाक पुन्हा चोंदते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया या साऱ्यानंतरची. ती पोकळीचे दार मोठे करते; वावडे काढून टाकीत नाही.

विम्याला खाट दिसते, नाक दिसत नाही

इथेच खरी मेख आहे. वर सांगितलेले पहिले सारे उपाय उभ्या-उभ्या होतात. त्यांना खाट लागत नाही. आणि आपला विमा मुळात खाटेचा आहे. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' आणला, तेव्हापासून इस्पितळात चोवीस तास दाखल होणे हा त्याचा कणा. ठरावीक शस्त्रक्रियांना या चोवीस तासांतून सूट मिळते. फवाऱ्याला, चाचणीला, डॉक्टरांच्या फीला साध्या पॉलिसीत जागा नाही. बाह्यरुग्ण खर्चाची सोय असलेल्या पॉलिसी निघाल्या आहेत, पण त्यांचा हप्ता वेगळा.

२०२० मध्ये सर्व कंपन्यांसाठी एकाच नमुन्याची 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी आली. तिच्यात सायनसच्या विकारांना २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाल आहे. दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस यांतला त्याच आजाराचा खर्च मिळतो. केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर मात्र काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असे. २०२४च्या नियमांनी तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. त्याच नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

कंपनीचेही एक म्हणणे आहे. रोजच्या दुधाचा विमा कोणी उतरवीत नाही; विमा संकटाचा असतो. मान्य! पण परिणाम पाहा. महिना सात-आठशे रुपयांचा फवारा परवडत नाही म्हणून सोडायचा, आणि ८५,००० रुपयांच्या शस्त्रक्रियेला 'विमा आहेच' म्हणून होकार द्यायचा. रोग राखावा आणि खाट गाठावी, असा हा व्यवहार होऊन बसतो.

सातपूरच्या कामगाराचे कार्ड

याहून वेगळा विचार आपल्याच देशात झाला आहे. प्रा. बी. पी. आदारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली. आपल्याकडे सातपूरला या योजनेचे रुग्णालय आहे. या योजनेत दवाखान्यातील साधी तपासणी आणि औषधेही येतात, कामगाराची आणि त्याच्या कुटुंबाचीही. २०१९ मध्ये वर्गणी ठरली ती कामगाराकडून वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. रांगा असतील, खेपा पडत असतील. पण कारखान्यात यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाची सर्दी हा या योजनेने आजार मानला. नाकासमोर चालणाऱ्या आम्हां पांढरपेशांच्या विम्याला अजून ते सुचलेले नाही.

मग करावे काय?

फॉर्म स्वतः भरावा. सर्दी असेल तर सर्दी लिहावी, कधीपासून तेही लिहावे. हप्ता थोडा वाढेल, प्रतीक्षा करावी लागेल. पण पुढे मान खाली घालावी लागणार नाही. केसपेपर, स्कॅन, औषधांची बिले एका फायलीत तारखेने लावावीत. खरे लिहूनही दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास वर्षाच्या आत बीमा लोकपालांकडे जावे. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही.

आणि एक घरगुती उपाय. आमच्या स्वयंपाकघरात फडताळावर आता 'नाकाचा डबा' आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला. २०,००० रुपयांच्या हप्त्यावर ३,६०० वाचतात. ते मी त्या डब्यात टाकले. बाकीची भर दर महिन्याला पडते आणि फवारा त्यातून येतो. शस्त्रक्रियेनंतर हिने तो एक दिवसही चुकविलेला नाही. माळा अजून उतरतो, पण आता ओल्या फडक्याने पुसला जातो आणि पुसतो मी. दोन वर्षांपूर्वी कोजागरीच्या रात्री दूध आटत असता ही एकदम म्हणाली, "अहो, वेलदोड्याचा वास येतोय मला!" ८५,००० रुपयांचे दुःख मी त्या क्षणी विसरलो.

थोरली मुलगी यंदा नोकरीला लागली. नाक आईवर गेले आहे. परवा स्वतःचा विमा उतरविण्यासाठी फॉर्म घेऊन बसली होती. मधेच थांबून तिने विचारले, "बाबा, सर्दी लिहू का?"

मी तोंड उघडण्याआधीच आतून तिची आई म्हणाली, "लिही गं बाई. ठळक अक्षरांत लिही!"