दाखला, ठाणे आणि दाद

उमरखेड तालुक्यातील आदिवासी स्त्रीवर किंवा मुलावर अत्याचार झाला, तर शासन काय करणार हे बरेचसे दोन प्रश्नांवर ठरते: पीडितेकडे जमातीचा दाखला आहे का, आणि आरोपी कोणत्या समाजाचा आहे.

दाखल्याच्या प्रश्नामागे जुनी गुंतागुंत आहे. तालुक्यात आंध आणि गोंड वस्ती आहे, विशेषतः पैनगंगा अभयारण्याच्या परिसरातील ‘बंदी भागा’त. १९५६च्या यादीने मात्र विदर्भात ठरावीक तालुक्यांतल्याच आदिवासींना अनुसूचित जमातीत धरले. यवतमाळ जिल्ह्यातून केळापूर, वणी आणि यवतमाळ. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात होते, ते बाहेर राहिले. हे क्षेत्रबंधन १९७६च्या कायद्याने उठले, पण कायदा लागू व्हायला १९७७ उजाडले. पुढे १९८५मध्ये अनुसूचित क्षेत्र जाहीर झाले, त्यात मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजीतील गावे आली. उमरखेड पुन्हा वगळले गेले. म्हणून अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार बंदी भागातील गावांना मिळत नाहीत. दाखल्यासाठी मात्र ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा त्यांनाही द्यावाच लागतो.

लैंगिक अत्याचाराविषयीचा देशाचा कायदा बदलला तोही विदर्भातल्याच एका प्रकरणामुळे. मार्च १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा विरोधही नसावा, असा त्या निकालाचा रोख होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३मध्ये दुरुस्ती झाली. कोठडीतील अत्याचारात पीडितेने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, हा नियम तेव्हा आला. पीडितेची ओळख छापणे हाही गुन्हा ठरला. त्या मुलीच्या पदरात यातले काहीच पडले नाही. आरोपी सुटले ते सुटलेच.

१९८९चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, म्हणजे बोलीतली ‘अॅट्रॉसिटी’, आदिवासींसाठी सर्वांत भक्कम आधार आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि ६० दिवसांत आरोपपत्र दाखल करायचे. २०१६च्या नियमांनुसार बलात्कारपीडितेला ५ लाख, सामूहिक बलात्कारात सव्वाआठ लाख रुपये अर्थसाहाय्य मिळते. निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव आरोपपत्रानंतर, उरलेली खालच्या न्यायालयातील खटला संपल्यावर. आरोपी दोषी ठरलाच पाहिजे, अशी अट नाही. साक्षीदारांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याचीही तरतूद आहे. बिटरगाव किंवा दराटी ठाण्याच्या हद्दीतल्या शेतमजूर कुटुंबासाठी ती लाखांच्या आकड्याइतकीच मोलाची असते. जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. नांदेड जवळ पडते, पण पैनगंगा ओलांडली की जिल्हाच काय, महसूल विभागही बदलतो.

या कायद्याला एक मोठी मर्यादा आहे. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर तो लागूच होत नाही. घरातला, भावकीतला किंवा त्याच जमातीचा माणूस गुन्हेगार असेल, तर पीडित मुलीसाठी बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आणि राज्याची मनोधैर्य योजना उरते. २०१३मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०१७पासून १० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे; निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण घेते. जखम तीच, फाइल मात्र वेगळ्या कार्यालयात जाते.

देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिने तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचे असते. उपविभागातही अशीच समिती असते आणि तिचे अध्यक्षपद उपविभागीय अधिकाऱ्याकडे असते. जमातीच्या दाखल्यावर सही करणाराही तोच अधिकारी.

मुलांच्या बाबतीत शासन केवळ दाद देणारे नसते, अनेकदा पालकही असते. आश्रमशाळांत शिकणारी मुले वर्षातले बहुतेक महिने घराबाहेर राहतात. नोव्हेंबर २०१६मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील पाळा येथील खासगी आश्रमशाळेतला अत्याचार उघड झाला, तेव्हा विशेष तपास पथक नेमले गेले आणि शाळेची मान्यता काढली गेली. २०१९मध्ये राजुऱ्यातील वसतिगृहाचे प्रकरण गाजले. तिथे पालक भरपाईसाठी तक्रारी करतात, असे काही लोकप्रतिनिधी जाहीरपणे बोलले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचे कृत्य लपवत असेल, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाची बोली वेगळी असेल, तर दुभाषी देणे हेही या कायद्याने यंत्रणेचेच काम ठरवले आहे.