माळेतली घरघर

नरकचतुर्दशीच्या पहाटे आकाशवाणीवर नरकासुरवधाचं कीर्तन लावायचं, हा अनेक मराठी घरांचा रिवाज. नेमक्या त्याच वेळी मुंबईच्या उपनगरातल्या घरांत रेडिओ बिघडतो. निदान बिघडल्यासारखा वाटतो. ५५८ किलोहर्ट्झवरच्या अस्मिता वाहिनीवर जाड घरघर चढते, काटा कितीही हलवला तरी ती जात नाही, आणि आजोबांचा जुना सेट भंगारात जातो. गेल्या काही दिवाळ्यांत मुलुंडमध्ये, आमच्या आणि आसपासच्या इमारतींत, मी या घरघरीचा माग काढत आलो आहे. रेडिओ बहुधा धडधाकट असतो. दोष गॅलरीच्या ग्रिलवर लुकलुकत असतो.

माग काढायला सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर पुरतो. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी काटा ठेवायचा, आवाज वाढवायचा आणि घरभर फिरायचं. दिव्यांच्या माळेची घरघर कानाला पटकन ओळखू येते. विजेच्या ५० हर्ट्झच्या लहरीत प्रत्येक अर्ध्या फेरीला एक, असे सेकंदाला १०० ठोके तिच्यात असतात. माळ धावत्या मोडवर असेल तर घरघर त्याच तालात येते आणि थांबते. हळूहळू विझणाऱ्या मोडवर ती जाड-बारीक होत जाते. खिडकीकडे पाहत ऐकलं की दिवे आणि आवाज एकाच ठेक्यात चाललेले कळतात. तरीही खात्री हवी असेल तर घराचा मेन स्विच बंद करायचा. घरघर गेली तर माळ आपली. राहिली तर शेजाऱ्यांची, नाहीतर सोसायटीने गच्चीवरून सोडलेल्या लायटिंगची. वॉचमनला सांगून ती मीटर रूममधून क्षणभर बंद करून पाहता येते. ट्रान्झिस्टरमधल्या फेराइटच्या दांडीला दिशा कळते हे खरं, पण इमारतीत हा गोंधळ वायरिंगमधून सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून मी दिशेवर विसंबत नाही. जवळ गेल्यावर आवाज वाढतो, हीच पक्की खूण.

स्वस्त माळेची कंट्रोलर डबी प्लग काढून उघडली तर आत चार डायोड, काळ्या थेंबाखाली झाकलेली चिप आणि दोन-चार थायरिस्टर, एवढंच सापडतं. उजेड कमी-जास्त करण्यासाठी थायरिस्टर लहरीच्या अधेमधे करंट एकदम चालू करतो. त्या झटक्यातून ५० हर्ट्झच्या कितीतरी पटींच्या कंपनसंख्या निघतात आणि थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पोचतात. त्यांना अडवणारे चोक आणि कपॅसिटर काही रुपये वाचवण्यासाठी घातलेलेच नसतात. पुढे लटकणारी लांबच लांब वायर मग आयती अँटेना होते. एफएमला याचा त्रास फारसा होत नाही, कारण लहरीच्या उंचीतले चढउतार तो रिसीव्हर छाटून टाकतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. डबीचं बटण दाबत दाबत माळ न लुकलुकणाऱ्या, स्थिर मोडवर आणायची. घरघर बरीच बसते. रेडिओ अडॅप्टरवर न लावता सेलवर चालवायचा आणि माळेपासून दूरच्या खिडकीत ठेवायचा. एवढ्याने भागलं नाही तर फेराइट. वायरीवर नुसता एक फेराइटचा मणी अडकवून मीडियम वेव्हला काही होत नाही, वेढे घालावे लागतात. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतल्या योकची फेराइट रिंग मला यासाठी सर्वांत आवडते. मोठी असते, त्यामुळे दहा-बारा वेढे सहज बसतात, आणि ती भंगारातून मिळते. सगळ्या तारा एकत्र धरून डबीच्या अगदी जवळ वेढे घ्यायचे, एक रिंग प्लगच्या बाजूला आणि एक दिव्यांच्या बाजूला. तार कापायची नाही, सोलायची नाही, म्हणून हे कोणालाही जमतं. डबीत एक्स-२ जातीचा कपॅसिटर बसवला तर आणखी फरक पडतो, पण ते जाणत्यानेच करावं. तिथे भलताच कपॅसिटर लावला तर आग लागू शकते.

उपनगरांत सगळीकडे सारखा त्रास नसतो. आकाशवाणीचं मीडियम वेव्हचं प्रक्षेपण मालाडहून होतं. बोरिवली-कांदिवलीत सिग्नल इतका दणकट की माळ असूनही कीर्तन ऐकू येतं. मुलुंडमध्ये सिमेंटच्या भिंतींआड तसं होत नाही, आणि ७ मेगाहर्ट्झवर दूरचा क्षीण आवाज शोधणाऱ्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, तर एकच माळ पुरते.

हा खटाटोप केवळ कीर्तनासाठी आहे, असं मी मानत नाही. २६ जुलै २००५च्या पुरात उपनगरांतली वीज गेली, मोबाइल बंद पडले. अशा वेळी सेलवरचा रेडिओ घरात असावा लागतो, आणि तो आपण दिवाळीत बिघडला म्हणून टाकून देतो.

म्हणून लोहार चाळीच्या बाजारात माळ निवडायला जाल तेव्हा खिशात ट्रान्झिस्टर ठेवा आणि पेटलेल्या माळेजवळ धरून पाहा. सोसायटीच्या लायटिंगचं कंत्राट देतानाही स्थिर दिवे मागा. आणि रेडिओ भंगारात देण्याआधी एकदा माळ बंद करून ऐका.