खवटलेले कोलेस्टेरॉल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर संध्याकाळी वड्यांची कढई उकळत असते. काळपट तेलाकडे बोट दाखवून विद्यार्थी विचारतात, 'यात कोलेस्टेरॉल किती?' उत्तर ऐकून ते चकित होतात : जवळजवळ नाहीच! कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थ. ते शोधायचे तर शेजारच्या मिठाईवाल्याच्या तुपात शोधावे.

तूप खवट होते तसे त्यातले कोलेस्टेरॉलही हवा, उष्णता व प्रकाश यांमुळे ऑक्सिजनशी संयोग पावते. १९७६ साली अमेरिकेतील संशोधकांनी साठवणीतल्या कोलेस्टेरॉलमधून अशी ऑक्सिडीभूत द्रव्ये वेगळी काढून सशांना दिली. धमन्यांच्या भित्तिकेतील पेशींचा ऱ्हास झाला. शुद्ध कोलेस्टेरॉलने तसे झाले नाही. म्हणजे सशांवरच्या जुन्या प्रयोगांतला दोष काही अंशी शिळ्या बाटलीचा होता तर!

१९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जेकबसन यांनी भारतीय तुपाची तपासणी प्रसिद्ध केली. तुपातील स्टेरॉलांपैकी सुमारे १२ टक्के ऑक्सिडीभूत निघाली, ताज्या लोण्यात मात्र ती आढळली नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांतील हृदयविकाराचे हे 'संभाव्य' कारण असावे, असे त्यांनी सुचवले. 'संभाव्य' हा शब्द वर्गात सांगताना गाळू नये. घरी लोणी मंद आचेवर कढवून, बेरी लाल होताच उतरवलेले तूप आणि तासन्‌तास तापणारे तूप एकाच मापाने मोजणे मला तरी पटत नाही.

शरीरात काय घडते? एलडीएल हे कोलेस्टेरॉलचे वाहक कण. पुरेसे मिळाले की सामान्य पेशी आपली दारे कमी करते. धमनीच्या भित्तिकेतील भक्षकपेशी ऑक्सिडीभूत एलडीएल मात्र वेगळ्याच दाराने घेतात, आणि ते दार पोट भरले तरी मिटत नाही. पेशी मेदाने फुगून फेसासारखी दिसते. अशा फेनपेशी साचून धमनीकाठिण्य सुरू होते.

पण ऑक्सिडीभूत रूपे सारीच शत्रू नव्हेत. यकृत कोलेस्टेरॉलला ऑक्सिजन जोडूनच पित्ताम्ले बनवते. मेंदूही जादा कोलेस्टेरॉल याच मार्गाने बाहेर धाडतो.

आणि वड्याची कढई? तिच्यात कोलेस्टेरॉल नसले तरी तेलाची स्वतःची ऑक्सिडीभूत द्रव्ये साठतात. त्यांच्यासह एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेलेले तेल जुलै २०१८ पासून खाण्यासाठी वापरता येत नाही. डोळ्यांनी टक्केवारी कळत नाही, पण दाट झालेले, तळताना फेस धरणारे, कमी आचेवरही धुरणारे तेल ओळखता येते.