पडद्यावरील पात्र आणि बाजारातील वस्तू : पुनर्निर्मित विज्ञानपटांच्या हक्कांचा प्रश्न

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्यातील मालेगावच्या खंडोबा यात्रेत खेळण्यांच्या पालांवरून एक फेरी मारली, तर चित्रपटांतील अतिमानवांचे मुखवटे, त्यांची चित्रे छापलेली दप्तरे व बनियन विक्रीस मांडलेले दिसतात. या वस्तूंपैकी कितींच्या पाठीमागे रीतसर परवाना असतो, हा प्रश्न विक्रेत्यास अथवा ग्राहकास पडत नाही. परंतु मुंबईतील निर्मात्यास तो अवश्य पडतो. एखादी जुनी विज्ञानकथा नव्या रूपात पुन्हा पडद्यावर येते, तेव्हा हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. कारण त्या वेळी कथेचा मालक कोण, पात्राचा मालक कोण आणि त्या पात्राच्या बाहुलीचा मालक कोण, ही तीन उत्तरे वेगवेगळी निघू शकतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा भारतीय प्रताधिकार कायद्याच्या अनुषंगाने विचार केला आहे.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी :

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’च्या वेळी जॉर्ज लुकास यांनी मानधनात वाढ मागण्याऐवजी वस्तुविक्रीचे व उत्तरभागांचे हक्क स्वतःकडे राखले, आणि पुढे खेळण्यांच्या विक्रीने या व्यवहाराचे मोल सर्वांच्या ध्यानी आणून दिले. ‘स्टार ट्रेक’ची कथा याच्या उलट आहे. २००५ अखेर मूळ कंपनीचे विभाजन झाले तेव्हा दूरचित्रवाणी मालिका एका कंपनीकडे व चित्रपट दुसऱ्या कंपनीकडे गेले. २००९ मध्ये नव्या नटसंचासह चित्रपटाचा नवावतार आला. तथापि जुन्या मालिकेतील चेहऱ्यांच्या वस्तू बाजारात विकल्या जातच होत्या. त्यावरून दोन्ही बाजूंत मतभेद झाल्याचे वृत्त २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच नावाच्या दोन कर्णधारांच्या बाहुल्या एकाच दुकानात, आणि उत्पन्न मात्र दोन तिजोऱ्यांत, असा हा प्रकार होता. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एक झाल्या.

‘मिस्टर इंडिया’चा वाद :

आपल्याकडील सर्वांत जवळचे उदाहरण ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटाचे होय. अदृश्य होण्याच्या यंत्राभोवती गुंफलेला हा चित्रपट १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. निर्माते बोनी कपूर, दिग्दर्शक शेखर कपूर आणि लेखक सलीम-जावेद. फेब्रुवारी २०२० मध्ये अली अब्बास जफर यांनी झी स्टुडिओजसमवेत या कल्पनेवर चित्रपटत्रयी करण्याची घोषणा केली. त्यावर आपणास कोणी विचारले नाही, अशी तक्रार शेखर कपूर यांनी जाहीरपणे केली. अनिल कपूर यांनाही विचारणा झाली नसल्याचे त्यांच्या कन्येने नमूद केले. जावेद अख्तर यांनी मात्र प्रतिप्रश्न केला : कथा, प्रसंग, संवाद, गीते, इतकेच नव्हे तर शीर्षकही लेखकाचे असताना दिग्दर्शकाचा दावा लेखकाहून मोठा कसा? हा वाद प्रामुख्याने समाजमाध्यमांवरच लढला गेला. परंतु विद्यार्थ्यांना प्रताधिकार शिकवण्यासाठी याहून चांगला पाठ शोधूनही सापडणार नाही.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील व्याख्येनुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. २०१० च्या सुधारणा विधेयकात प्रमुख दिग्दर्शकास सहकर्ता मानण्याची तरतूद होती, परंतु २०१२ च्या अंतिम कायद्यात ती राहिली नाही. सबब दिग्दर्शकाची तक्रार नैतिकदृष्ट्या कितीही समजण्याजोगी असली तरी तिला कायद्यात आधार तोकडा आहे. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे ‘मिस्टर इंडिया’पुरता २०४७ अखेरपर्यंत, टिकतो.

लेखकाची स्थिती निराळी आहे. पटकथा ही स्वतंत्र वाङ्मयकृती असून, लेखक वेतनावरील नोकर नसेल तर तिचा प्रथम मालक तोच असतो. मात्र त्याने लेखी कराराने काय हस्तांतरित केले, यावर पुढचे सर्व अवलंबून राहते. याच लेखकद्वयाने ‘जंजीर’च्या पुनर्निर्मितीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. अंतरिम मनाई न मिळता तो चित्रपट ६ सप्टेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. याउलट ‘शोले’च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राम गोपाल वर्मा यांच्या २००७ च्या चित्रपटाबद्दल १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. दोन्ही निकालांत परस्परविरोध आहे असे वरवर वाटते. वस्तुतः पहिला प्रश्न लेखक व निर्माता यांच्यातील कराराचा, तर दुसरा परक्या व्यक्तीने परवानगीविना केलेल्या वापराचा होता.

पात्राचे स्वतंत्र अस्तित्व :

वस्तुविक्रीच्या दृष्टीने मूलभूत निवाडा विज्ञानपटाचा नसून एका कौटुंबिक मालिकेचा आहे, ही गमतीची बाब. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेतील कुटुंबाची आठवण करून देणारी टाइड साबणाच्या भुकटीची जाहिरात प्रसारित झाली, तेव्हा स्टार इंडियाने लिओ बर्नेट या जाहिरातसंस्थेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. २००२ मध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. पात्राच्या नावावर वस्तू विकण्याचा हक्क सांगायचा तर त्या पात्राने मूळ कृतीपासून अलग असे स्वतःचे अस्तित्व व लोकमान्यता मिळविलेली असली पाहिजे, हा त्यातील विचार आजही उद्धृत होतो. २०१६ मध्ये ‘चुलबुल पांडे’ या पात्राविषयी याच न्यायालयाने विशिष्ट व अनन्य पात्रास संरक्षण मिळू शकते हे तत्त्व मान्य केले, परंतु त्या प्रकरणात दिलासा दिला नाही.

हा निकष पुनर्निर्मित चित्रपटास लावला की अडचण दिसते. मोगॅम्बोला मूळ चित्रपटाबाहेर स्वतंत्र आयुष्य लाभले आहे, यात शंका नाही. परंतु ते आयुष्य १९८७ च्या मोगॅम्बोचे, अमरीश पुरी यांच्या चेहऱ्याचे व आवाजाचे. नव्या नटाच्या चेहऱ्याची बाहुली विकणारा परवानाधारक नेमकी कोणाची लोकमान्यता विकत असतो? प्रस्तुत लेखकाच्या मते येथे नटाच्या व्यक्तिमत्त्वाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांची विक्री दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये रोखली, ती याच आधारावर.

पन्नास प्रतींची मर्यादा :

परवाने देणारे अनेकदा एका कलमाकडे दुर्लक्ष करतात. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १५(२) नुसार, डिझाइन कायद्याखाली नोंदणीस पात्र असलेल्या पण नोंदणी न केलेल्या आकृतीच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक तयार झाल्या, की त्या आकृतीतील प्रताधिकार संपतो. नोंदणी केल्यास १० वर्षे व पुढे ५ वर्षे संरक्षण मिळते. ब्रिटनमध्ये ‘स्टार वॉर्स’मधील सैनिकांच्या शिरस्त्राणाविषयी हाच पेच उभा राहिला. मूळ शिरस्त्राणे बनविणाऱ्या कारागिरानेच त्यांच्या प्रतिकृती विकावयास काढल्या. २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शिरस्त्राण हे शिल्प नव्हे, असे ठरवून ब्रिटिश प्रताधिकाराचा दावा फेटाळला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस प्रकरणात कलाकृती व डिझाइन यांतील सीमारेषा ठरविण्यासाठी द्विस्तरीय कसोटी घालून दिली. ते प्रकरण वायुवाहक टाक्यांच्या आराखड्यांचे होते; तरी मुखवटा, कवच वा यंत्रमानव बनविणाऱ्याने ते वाचलेच पाहिजे.

मराठी लेखकांचा संबंध :

हा सारा मुंबईचा व्यवहार, त्याच्याशी आपला काय संबंध, असे प्राध्यापक वाचकांस वाटू शकेल. परंतु ज्युल्स व्हर्नच्या विज्ञानकादंबऱ्या मराठीत आणणारे भा. रा. भागवत यांचा ‘फास्टर फेणे’ १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीवर आला, आणि २०१७ मध्ये लातूरच्या रितेश देशमुख यांच्या निर्मितीतून नव्या युगाच्या वेशात चित्रपटात अवतरला. भागवत यांचे निधन २००१ मध्ये झाले, म्हणून त्यांच्या लेखनाचा प्रताधिकार २०६१ अखेरपर्यंत वारसांकडे अथवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे राहील. मुलांना आठवतो तो फेणे केवळ शब्दांतील नसून चित्रकाराने काढलेलाही असतो, आणि त्या चित्राचा हक्क पुन्हा वेगळा.

आपल्यापैकी अनेक जण कथा, एकांकिका, बालकादंबऱ्या लिहितात व प्रकाशकाने पुढे केलेल्या एका पानावर सही करतात. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात कृती, हक्क, मुदत व प्रदेश नमूद असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत; आणि अन्यथा ठरले नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या सुधारणेनुसार करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमास, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, तो करार लागू होत नाही. परंतु खेळणी, वह्या व बनियन ही काही नवी माध्यमे नव्हेत. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत तीही निघून जाऊ शकतात. शिवाय मुदत व प्रदेशाविषयीचे वरील संरक्षण १९९४ च्या सुधारणेपूर्वीच्या, म्हणजे १० मे १९९५ पूर्वी झालेल्या हस्तांतरणांना मिळत नाही. ‘मिस्टर इंडिया’चे मूळ करार त्याच काळातील आणि मराठी बालसाहित्यातील बहुतेक लोकप्रिय पात्रांचेही, त्यांच्याबाबत कपाटातील जुना कागद काय म्हणतो, तेवढेच पाहावे लागते.